बेटावर मारलेली फक्की

मी ऑक्टोबरमधल्या पाण्याचा नकाशा घेऊन एप्रिलच्या शेवटी होडी पाण्यात घातली.

ऑक्टोबरात धरण तुडुंब असतं. एप्रिलपर्यंत त्यातलं पाणी उसाला, केळीला, कारखान्यांना आणि गावोगावच्या नळांना जाऊन पार खाली बसतं. यात न समजण्यासारखं काही नाही. त्यातून मी बारामतीजवळच्या कन्हेरीचा, ऊस करणारा माणूस. पाण्याची पाळी कधी सुटणार हे मला गाढ झोपेतून उठवून विचारलं तरी तारखेसकट सांगता येतं. पण पाळीला सुटलेलं पाणी कुठून तरी कमी होत असणार, हा विचार पंचावन्न वर्षांत माझ्या डोक्याला शिवला नव्हता. पाणी येतं एवढं आम्हाला ठाऊक. ते कुठलं जातं, याची चौकशी आमच्याकडे कुणी करत नाही.

मुळात मला जायचं होतं समुद्रावर. दोन वर्षांपूर्वी कोकणात गेलो होतो. किनाऱ्यावरच्या टपरीत पोहे खात बसलो असताना समुद्रातून दोन लांबलचक, निमुळत्या होड्या आल्या. प्रत्येकीत एकच माणूस, हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. त्यांतली एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची. ती दोघं तीन आठवडे काठाकाठानं वल्हवत आली होती. जिथं रस्ता जात नाही अशा पुळणींवर उतरून कासवांची घरटी, वाहून आलेली जाळी, मेलेले मासे, सगळं वहीत लिहून घेत होती. लिहून ठेवलं तरच कुणीतरी वाचवतं, असं ती बाई म्हणाली. मग तिनं विचारलं, तुमच्याकडे काय आहे? मी म्हणालो, ऊस आहे. तिनं समजूतदारपणे मान डोलावली, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा उसाची लाज वाटली.

घरी येईपर्यंत मी निम्मा खलाशी झालो होतो. सहा महिन्यांत कोकणातून तसलीच एक जुनी होडी मिळवली. तिला कयाक म्हणतात, पण आमच्याकडे शेवटपर्यंत कुणी तिला होडीच्या पुढं काही म्हटलं नाही. साडेसोळा फूट लांब, नारिंगी, पोटाला एक ठिगळ. पिकअपमधून अंगणात उतरवली तेव्हा शेजारचे अण्णा तिच्याभोवती दोनदा फिरले, बोटानं वाजवून पाहिली, आणि गव्हाण चांगली आहे पण जनावराच्या तोंडाला जागा कमी ठेवलीय, असं मत त्यांनी दिलं. बायकोनं एवढंच विचारलं, की तुम्हाला पोहायला येतं ते विहिरीतलं, ते तिकडं चालतं का.

सराव आमच्याच शेततळ्यात केला. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो आणि त्या कागदावर शेवाळ धरतं, हे तो कागद स्वतः अंथरलेला माणूस विसरला. पहिल्याच दिवशी उलटलो. बाहेर यायला गेलो की घसरून परत आत. पाऊण तास मी माझ्याच तळ्यात पाहुण्यासारखा पोहत होतो. शेवटी बायकोनं ठिबकची नळी टाकली. वर आल्यावर ती काही बोलली नाही, नळी गुंडाळून जागेवर ठेवली. तिचं बोलणं मी ऐकून घेतो, तिचं न बोलणं मला फार लागतं.

समुद्राचा बेत मोडला तो बारामतीतल्या आमच्या निसर्ग मंडळानं. मंडळ म्हणजे रविवारी सकाळी गळ्यात दुर्बिणी अडकवून फिरणारी आठ-दहा माणसं. त्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की समुद्र लांब आहे, आणि भीमेवरच्या धरणाचं फुगवट्याचं पाणी इथं शेजारी इंदापूर तालुक्यात आहे. उन्हाळ्यात तिथं बेटं उघडी पडतात आणि त्यांवर नदी सुरय नावाचे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. अशी बेटं किती, घरटी किती, हे कुणी काठाकाठानं फिरून नीट लिहून आणलं, तर त्या दोन महिन्यांत तिथं कुणी पाय ठेवू नये असा अर्ज तरी करता येईल. आजवर अर्ज झाला नव्हता, कारण लिहून आणणारा कुणी नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एक वही दिली, एक मोजपट्टी दिली, एक नारळ दिला. भिगवणच्या अंगानं पाण्यात उतरायचं आणि सात दिवसांत धरणाच्या भिंतीच्या अलीकडे निघायचं, असं ठरलं. ठरवताना समोर नकाशा होता. तोच तो, ऑक्टोबरचा.

बरोबर मेहुणा होता. तो तिकडच्याच निरवांगीचा. त्याच्या वडिलांच्या काळी घरी मेंढरं होती, त्याच्या काळी पिकअप आहे. रोज संध्याकाळी मी जिथं काठाला लागेन तिथं त्यानं जेवण घेऊन यायचं, असा करार. तो मला दाजी म्हणतो. त्या शब्दात मान किती घालतो आणि चेष्टा किती, हे चोवीस वर्षांत मला वेगळं करता आलेलं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता मोबाइलच्या नकाशात मी भर पाण्यात होतो. चारी बाजूंना निळंच निळं. प्रत्यक्षात मी कलिंगडाच्या वाफ्यात उभा होतो आणि एक बाई वेल तुडवू नका म्हणून लांबून ओरडत होती. पाणी तिथून दोन हाकांवर होतं. तिथवर होडी ओढत नेली, तर वीतभर खोल. बसलो की बूड टेकायचं, उतरलो की मी टेकायचो, गुडघ्यापर्यंत. गाळाला कुजक्या शेवाळाचा वास, आणि आत शिंपल्यांच्या धारा, तळपाय चिरणाऱ्या. दोन दिवसांत मी होडीत बसलो कमी आणि तिला कासऱ्यानं ओढत चाललो जास्त. पलीकडच्या बांधावरून मेहुणा पिकअप माझ्याच वेगानं चालवत होता. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये, खिडकीतून हात बाहेर टाकून.

"दाजी," तो म्हणाला, "म्हस एवढ्या लाडानं नेत न्हाय कुणी."

मी कासरा आणखी जोरात ओढला. मला राग त्याचा नव्हताच. मला पाण्याचा राग होता. इतकं मोठं धरण, लांबून चकाकताना दिसायचं, आणि जवळ गेलं की मागं सरायचं. त्या पाण्याच्या मागोमाग माणसं मात्र सुखानं चालली होती. पाणी सरतं तशी धरणाच्या पोटातली काळी, लोण्यासारखी जमीन उघडी पडते, आणि काठावरची माणसं पाण्याच्या पाठीवर पाय देत तिच्यात मका, कलिंगड, वैरणीचं कडवळ पेरत जातात. याला गाळपेर म्हणतात. कुणाचा पट्टा कुठं, त्यातलं कागदावर किती आणि तोंडी किती, हे परक्यानं विचारू नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोल पाणी लागलं, आणि बेटही लागलं.

बेट म्हणजे जुन्या माळाचा बुडालेला उंचवटा, आमच्या अर्ध्या एकराएवढा. काठाशी चिखलाच्या एका चिंचोळ्या पट्टीनं जोडायच्या बेतात आलेला. काठावर एक आबा पत्र्याच्या होडीत बसून जाळं निवडत होते. सत्तरीचे असावेत. चिलापी मासे धरण्यात त्यांची सगळी हयात गेलेली. मी विचारलं, त्या बेटावर पाखरं आहेत का. त्यांनी मान वर न करता सांगितलं, हायती. मी विचारलं, बरीच आहेत का. ते म्हणाले, हायती तेवढी हायती. यापुढं मी त्यांना काही विचारलं नाही. मोहिमेवरच्या माणसानं फार विचारत बसू नये, अशी माझी समजूत होती.

बेटावर पाय ठेवला आणि आभाळ फाटल्यासारखा कालवा झाला. पांढरीशुभ्र, काळी टोपी घातलेली, पिवळ्या चोचीची पाखरं एकदम उठली आणि माझ्या डोक्यावर फेऱ्या मारायला लागली. खाली पाहतो तर अंडीच अंडी. वाळूत नुसता खळगा, त्यात दोन किंवा तीन अंडी, मातीच्याच रंगाची. दोन दिवसांची सगळी चीड मी विसरलो. सांगायला लाज वाटते, पण माझे डोळे भरून आले होते.

मग मी कामाला लागलो, आणि इथून पुढं जे केलं ते सगळं पद्धतशीर केलं. माझं नुकसान नेहमी पद्धतशीरपणातूनच होतं.

निमगाव केतकीच्या दुकानातून मेहुण्याकरवी मी पांढऱ्या फक्कीची एक गोणी घेऊन ठेवली होती. मैदानावर रेघा मारायला किंवा पाया आखायला वापरतात ती पावडर. अंडी मातीत मिसळून जातात, पुन्हा येताना पाय पडेल, म्हणून मी प्रत्येक घरट्याभोवती फक्कीचं गोल कडं काढलं. घरट्यांमधली अंतरं पट्टीनं मोजली. आणि मेंढरं-कुत्री-माणसं येऊ नयेत म्हणून जोडपट्टीच्या तोंडावर फक्कीची आडवी रेघ मारून चार काठ्या रोवल्या, काठ्यांना लाल फडकी बांधली. एक्केचाळीस घरटी. अकरा वाजता सुरू केलं, दोनला संपवलं. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात वही आणि पट्टी. लांबून मी काय दिसत असेन हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

संध्याकाळी आबा होडी घेऊन बेटाजवळून गेले. उतरले नाहीत. पाण्यातूनच त्यांनी विचारलं, पाखरं किती वेळ वर होती. मी अभिमानानं सांगितलं, तीन तास.

"मग उकडली असतील की अंडी," ते म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. या उन्हात पाखरू अंडी उबवायला बसत नाही, निववायला बसतं. पाण्यात पोट बुडवून येतं, ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतं, नाहीतर नुसतं उभं राहून सावली धरतं. भर दुपारी तासभर जरी उठवलं तरी अंडं जायची भीती. मी तीन तास उठवलं होतं, आणि वहीत त्याची वेळ लिहून ठेवली होती. आबांनी एवढंच जोडलं, की फुटायला चार-पाच दिवस राहिले होते, काही अंड्यांतून तर पिल्लाचा आवाज येत होता. मग वल्हं मारून ते निघून गेले.

त्या एका वाक्यानंतर मोहीम, सात दिवस, अर्ज, सगळं माझ्या डोक्यातून उतरलं. ही अंडी फुटेपर्यंत इथून हलायचं नाही, एवढंच मनात राहिलं. मी काठावरच मुक्काम टाकला.

सकाळी पाहिलं तर कावळे आले होते. कावळ्यांना मातीच्या रंगाची अंडी दिसत नाहीत, पण फक्कीचं कडं लख्ख दिसतं. मी त्यांच्यासाठी ताटं मांडून ठेवली होती. एक कावळा पंगतीत फिरणाऱ्या वाढप्यासारखा एका कड्यावरून दुसऱ्या कड्याकडे शांतपणे चालला होता. त्याला वरून पाखरं झोंबत होती, पण तो ठाम होता, कारण त्याला पत्ता माहीत होता. मी वल्हं आपटत, शिट्टी फुंकत होडीतून बेटाला फेरा मारला तेव्हा कावळे उठले. दुर्बिणीतून मोजलं. सात कडी रिकामी. चौतीस राहिली.

तेवढ्यात काठावर माणसं जमायला लागली. आधी दोघं-तिघं, मग दहा-पंधरा. ती पाखरांकडे बघत नव्हती, माझ्या रेघेकडे आणि लाल फडक्यांकडे बघत होती. मध्यभागी माझा मेहुणा, पिकअपला टेकून, सगळ्यांशी गंभीरपणे बोलताना दिसत होता. लोक त्याला विचारत होते, की ही फक्की कसली. आपला दाजी पाखरांची अंडी मोजत फिरतो, हे चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटली. बहिणीच्या घराची अब्रू राखायची म्हणून त्यानं सांगितलं, की सायबांचं मोठं काम चाललंय, मागनं कळंल.

आमच्या मुलखात फक्कीचा अर्थ एकच. एकदा आमच्या रानाकडेनं कुणी फक्कीची रेघ मारून गेलं, तेव्हा मी जेवणाचं ताट तसंच ठेवून सातबारा उताऱ्यांची पिशवी घेऊन धावलो होतो. फक्की पडली म्हणजे मोजणी. आणि मोजणीला ज्याचं पीक उभं, त्याचं म्हणणं वर. हे मला पक्कं माहीत होतं. दुसऱ्याच्या रानात फक्की मारताना तेवढं आठवलं नाही.

आबांनी त्यांची पत्र्याची होडी माझ्या होडीला लावली आणि पहिल्यांदाच आपणहून बोलले. बेटाच्या अलीकडे दोन पट्टे. एक तात्यांचा, ट्रॅक्टरवाल्यांचा. दुसरा एका मावशींचा, त्या आपल्या दोन सुना घेऊन रान करतात. पाणी सरलं की दोघांचे पट्टे सरकत सरकत या बेटापाशी येतात, आणि बेट कुणाचं यावरून दोघांचं वीस वर्षं वाजलेलं. बोलणं बंद. हिनं पेरलं तर तो मोडणार, त्यानं पेरलं तर ही मोडणार, म्हणून कुणीच पेरत नाही. दर उन्हाळ्याला बेट मोकळं राहतं.

"ती दोगं भांडत्यात म्हनून पाखरं हायती," आबा म्हणाले. "आन तुमी बरोब्बर त्यातच फक्की मारली."

 मी काठावरच्या मेहुण्याला फोन लावला, तर तो म्हणाला, दाजी, काळजी करू नका, लोक तुम्हाला लई मान द्यायला लागलेत.

दुपारच्या आत ट्रॅक्टरचा आवाज आला. तात्या मागं माती उलथणारा रोटर लावून जोडपट्टीच्या तोंडाशी येत होते. बेटावर दोन फेरे मारायचे, मका विस्कटायचा, पीक उभं दाखवायचं, असा हिशेब. दुसऱ्या बाजूनं मावशी आणि सुना, डोक्यावर बियांची टोपली. ज्याचं आधी पडेल त्याचं. मध्ये चौतीस घरटी.

मी होडी हाणली. एवढ्या वेगानं मी सबंध मोहिमेत वल्हवलं नव्हतं. जोडपट्टीपाशी पोचून होडी आडवी घातली, रस्ता बंद केला, आणि हात वर करून रुबाबात खाली उतरलो. पट्टीच्या कडेला गाळ होता, मांडीपर्यंत आत गेलो.

तात्यांनी ट्रॅक्टर थांबवला, बंद केला नाही. "ओ सायेब, बाजूला व्हा."

मी सांगितलं, की मी साहेब नाही, ही मोजणी नाही, ही पाखरांची गणती आहे.

"पाखरं मोजायला फक्की कशाला लागती? आमी कोंबड्या मोजताना फक्की मारतो का?"

या प्रश्नाला आजही माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा मात्र मी दिलं. घरटी, अंड्यांचा रंग, कावळे, अर्ज, कोकणातली ती बाई, सगळं सांगितलं. मी हातवारे करून बोलतो, आणि गाळात हातवारे करणाऱ्या माणसाचं काय होतं ते तिथं कळलं. जितकं पटवून सांगत होतो तितका खाली जात होतो. कोकणातल्या बाईपर्यंत आलो तेव्हा कमरेपर्यंत गेलेलो होतो. कुणालाही काही पटलेलं नव्हतं. मावशींचं म्हणणं, मी तात्यांनी आणलेला माणूस. तात्यांचं म्हणणं, मी मावशींनी आणलेला. खरं बोलून माणूस इतका अडकतो, हे मला नवीन होतं. खोटं बोलणारा मेहुणा वर कोरडा उभा होता.

होडीच्या पाठीवर माझी वही होती, पारदर्शक पिशवीत. तात्या ट्रॅक्टरवरून उतरले, पट्टीच्या घट्ट जमिनीवरून पुढं आले आणि त्यांनी ती उचलली. त्यात गट नंबर आणि नावं असणार, अशी त्यांची खात्री. मावशी पलीकडून बोलल्या. तात्यांशी वीस वर्षांत पहिल्यांदा.

"मनात वाचू नगा. मोठ्यानं वाचा, समद्यांना कळू द्या."

तात्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. घरटं चौदा. अंडी तीन. आई अतिशय चिडकी. घरटं पंधरा. अंडी दोन. टोपीवर शिटली. घरटं सोळा. अंडी तीन. वाकलो तर टोपी घरट्यात पडली, क्षमस्व. घरटं सतरा. पुन्हा टोपीवर. बहुधा पंधरामधलीच. तात्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. सुनांनी तोंडाला पदर लावले. तात्यांनी विचारलं, यात गट नंबर कुठं आहेत. मी म्हणालो, नाहीत. आणि मालकांची नावं? मी म्हणालो, मालक वर उडतायत.

मावशींनी टोपली खाली ठेवली.

"सरकारी माणसाच्या टोपीवर पाखरू शिटलं तर त्यो लिवून ठेवंल व्हय?" त्या म्हणाल्या. "येडं हाय हे. काढा त्याला भाईर."

सकाळपासून मी साहेब होतो. त्या क्षणापासून मला सगळे अरेतुरे करायला लागले, आणि खरं सांगतो, मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं. तात्यांनी ट्रॅक्टर बंद केला, रोटर सोडला, मागं दोर बांधला. मावशींनी मला हुकूम सोडले, आडवा हो, म्हशीवानी आडवा हो, पाय हलवू नगं, हात पसर. गाळात रुतलेल्या किती म्हशी त्यांनी काढल्या असतील कोण जाणे, आवाजात काही शंका नव्हती. दोर काखेतून कसा घ्यायचा यावर तात्यांचं आणि त्यांचं थोडं वाजलं, मग मावशींचं खरं ठरलं. त्या बोलतील तसा तात्या ट्रॅक्टर बोटभर पुढं घेत होते. मी चिखलातून सुटलो तो आवाज काठावरच्या पंधरा माणसांनी ऐकला. एक बूट आतच राहिला. होडी मध्ये आली होती, तिचं ठिगळ उसवलं आणि तिच्या पोटात हात जाईल एवढी भेग पडली.

मला मावशींच्या मोटारीच्या पाइपाखाली धुतलं. मावशींनी चहा ठेवला. तात्या जायला निघाले होते, पण मी त्यांचा हात धरून सोडेना, म्हणून तेही बसले. कपबशी हातात आल्यावर माणूस गप्प किती बसणार. मला वाटलं, हे आपल्या हातून एक चांगलं काम झालं.

ऊन उतरल्यावर आबांनी मला त्यांच्या होडीतून बेटावर नेलं. पाखरांना फार वेळ उठवायचं नाही, म्हणून एका वेळी चार कडी पुसायची आणि लांब जायचं, पुन्हा थोड्या वेळानं चार. फक्की पायानं पुसली जात नाही, पसरते. शेवटी ओंजळीनं वाळू टाकून झाकली. चौतीस घरट्यांना दोन संध्याकाळी गेल्या. टोपीचं काय झालं ते वहीत आहे. मोहिमेच्या सातव्या दिवशी लांबून दुर्बिणीतून पहिलं पिल्लू पाहिलं, वाळूचाच एक गोळा, पण पाय असलेला. मग मी मोहीम आवरली. सात दिवसांपैकी मी दोन दिवस चालत, एक सकाळ वल्हवत आणि उरलेले एका बेटाशेजारी बसून काढले होते. निसर्ग मंडळात त्या शिक्षिका बाईंनी विचारलं, बाकीची बेटं? मी म्हणालो, त्यांच्या सुदैवानं माझी होडी फुटली.

जूनच्या सुरुवातीला आबांना फोन केला. माझा जीव त्या चौतिसांत अडकलेला होता. 

"उडाली," आबा म्हणाले. "समदी न्हाय. पन लई उडाली."

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. बायकोला खूण केली. मग मी विचारलं, तात्या आणि मावशी कसे आहेत, चहा पितात का एकमेकांकडे.

 आबांनी सांगितलं, की पितात. चहा पितापिताच मिटलं त्यांचं. मागच्या आठवड्यात दोघांनी बेटाच्या मधोमध दोरी धरून पाहिली. पुढच्या उन्हाळ्यात पाणी सरलं की अलीकडं तात्यांचा मका, पलीकडं मावशींचं कलिंगड. वाटून घेतलं, राजीखुशीनं.

मी हादरलो. मी म्हणालो, आबा, तुम्ही काळजी करू नका. मी येतो. दोघांना समोरासमोर बसवतो, पाखरांचं सगळं नीट समजावून सांगतो, पटेल त्यांना.

"नगा येऊ, पावणं," आबा म्हणाले. "वीस वर्सं नीट चाललेलं भांडान तुमी एका दिवसात मोडलं. तुमी तोंड उघडलं की लोकांचं एकमेकांशी पटायला लागतंय."